तळ्यांतील रोग आणि समुद्रांतील मूळ

डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पांत एग्टवेड नांवाचें एक लहानसें खेडें आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना तें नांव परिचित आहे एका थडग्यामुळें. १९२१ सालीं तेथील एका मातीच्या उंचवट्याखालीं, ओक वृक्षाचा बुंधा पोखरून केलेल्या पेटींत निजविलेली एक तरुण मुलगी सांपडली. ब्रॉंझयुगांतील, म्हणजे सुमारें ३४०० वर्षांपूर्वींची. तिचा लोंकरीचा पोशाख कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आजहि पाहावयास मिळतो. परंतु या शोधानंतर तीसेक वर्षांनीं त्याच खेड्याचें नांव एका अगदीं निराळ्या गोष्टीला चिकटलें. ती गोष्ट म्हणजे माशांचा एक रोग. जगांतील मत्स्यवैद्य कित्येक वर्षें त्याला ‘एग्टवेडचा रोग’ याच नांवानें ओळखीत असत.

माशांना रोग होतात, हेंच पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मोकळ्या पाण्यांत मासा मरतो तो कोणाला दिसत नाहीं. मोठे मासे त्याला गिळतात, पक्षी उचलून नेतात, उरलेला तळाशीं जातो. मासे दाटीनें एका जागीं राखले म्हणजेच त्यांचें मरण माणसाच्या हिशेबांत येतें. त्यामुळें माशांच्या रोगांचा इतिहास हा बहुतांशीं मत्स्यशेतीच्या वहींतूनच लिहिला गेला आहे, आणि त्या वहीचा एक दोष त्यांत उतरला आहे. रोग जेथें प्रथम दिसला, तेथेंच तो जन्मला असें मानण्याचा मोह मनुष्याला फार. एग्टवेडच्या रोगाविषयीं ही समजूत पन्नास वर्षांच्या आसपास टिकली. आणि ती ढासळली ती युरोपांत नव्हे, तर पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्याच टोकाला.

ज्या माशाला हा रोग जडला, तो इंद्रधनुषी ट्राउट मूळचा युरोपचा नव्हे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील थंड नद्या हें त्याचें माहेर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत त्याचीं अंडीं थंडाव्यांत जपून आगबोटींनीं युरोपांत आलीं. मासा लवकर वाढणारा, दाटी सोसणारा, आणि चवीला उत्तम. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनीं तो उचलून धरला. जटलंडचे ओढे या धंद्याला जणुं मुद्दाम घडविल्यासारखे होते. ओढ्याला बांध घालावयाचा, पाणी पाटानें मातीच्या तळ्यांच्या ओळींत सोडावयाचें, आणि तळ्यांतून निघालेलें पाणी खालीं पुन्हा त्याच ओढ्याला मिळूं द्यावयाचें. मैलभर खालीं दुसऱ्या मालकाचा बांध; तेंच पाणी त्याच्याहि तळ्यांतून खेळून पुढें जाई.

हा मासा मांसाहारी. त्याला खाऊं काय घालावयाचें, या प्रश्नाचें उत्तर डेन्मार्कसारख्या बहुतेक बाजूंनीं समुद्र असलेल्या देशांत सोपें होतें. बंदरांवर हेरिंग व इतर हलके मासे मुबलक उतरत. हेरिंग हा कोंकणांतील तारलीच्या गोत्रांतील, थव्यानें फिरणारा मासा. हे मासे कच्चेच यंत्रांत घालून त्यांचा खिमा करावा आणि तो तळ्यांत टाकावा, असा नित्याचा परिपाठ पडला. या घमेल्याकडे कित्येक वर्षें कोणीं संशयानें पाहिलें नाहीं.

रोगाचें पहिलें व्यवस्थित वर्णन जर्मनींतून आलें. विल्हेल्म शेपरक्लाउस या मत्स्यवैद्यानें १९३८ सालीं ट्राउटच्या मूत्रपिंडाला सूज आणणाऱ्या एका विकाराची नोंद केली. पुढें १९५० च्या सुमारास एग्टवेडच्या परिसरांतील तळ्यांत तोच प्रकार दिसूं लागला, आणि डेन्मार्कमध्यें झपाट्यानें पसरला. लक्षणें ठळक होतीं. मासा काळवंडे, डोळे बाहेर येत, लालभडक असावयाचे कल्ले रक्ताअभावीं फिकट पडत. पोट चिरून पाहतां मांसांत व चरबींत टांचणीनें टोंचल्यासारखे रक्ताचे ठिपके दिसत. कांहीं मासे एकाच बाजूनें गरगर फिरत राहात आणि मग तळाला जात. पिलांच्या तळ्यांत तर कधीं कधीं एकहि जीव उरत नसे. हें सारें हिंवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतांत, पाणी थंड असतांना घडे. पाण्याची उष्णता १५ अंश सेंटिग्रेडच्या वर गेली कीं साथ आपोआप ओसरे. उन्हाळा आला कीं मालकाला वाटे, संकट टळलें. तें टळलेलें नसे, केवळ दबलेलें असे.

कारण शोधावयाचें तर तें सूक्ष्मदर्शकाला सांपडेना. साध्या भिंगाखालीं दिसणारा कोणताहि जंतु दोषी ठरेना, म्हणून विषाणूचा संशय बळावला. विषाणु हा जिवंत पेशीवांचून वाढत नाहीं, आणि माशाच्या पेशी कांचेच्या भांड्यांत दीर्घकाल जगविण्याची विद्या तेव्हां कोणालाच साधलेली नव्हती. १९६२ सालीं अमेरिकेंत केन वुल्फ आणि क्विंबी या संशोधकांनीं इंद्रधनुषी ट्राउटच्याच जननग्रंथींतील पेशी पिढ्यान् पिढ्या वाढवून दाखविल्या. माशाची ही पहिली कायम टिकणारी पेशीमालिका. पुढच्याच वर्षीं, १९६३ सालीं, डेन्मार्कच्या एम्. एच्. येन्सेन यांनीं त्याच पेशींवर एग्टवेडच्या रोगाचा विषाणु वेगळा केला. बंदुकीच्या गोळीसारखा आकार, आणि लांबी एका मिलिमीटरच्या साडेपांच हजाराव्या भागाएवढी. कुत्रा पिसाळविणारा जो विषाणु, त्याच्याच कुळांतला हा. मनुष्याला मात्र त्याची बाधा होत नाहीं. माणसाच्या शरीराची ऊब त्याला सोसत नाहीं.

शत्रु हातीं लागला तेव्हां त्याच्या वाटाहि उलगडूं लागल्या. आजारी मासा आपल्या मूत्रावाटें विषाणु पाण्यांत सोडतो. दुसऱ्या माशाच्या कल्ल्यांवाटें आणि परांच्या मुळाजवळील त्वचेवाटें तो आंत शिरतो. थंड पाण्यांत तो माशावांचूनहि कित्येक दिवस तग धरतो, म्हणून वरच्या बांधावरचा रोग खालच्या बांधावर उतरण्यास दुसरें कांहींच लागत नाहीं. ओढा वाहतो एवढें पुरे. साथींतून वांचलेला मासा धडधाकट दिसतो, परंतु पुष्कळदां विषाणु बाळगून असतो. असले मासे हौदांत भरून लॉरीनें दुसऱ्या गांवीं विकले गेले कीं रोगानें एका खोऱ्यांतून दुसऱ्या खोऱ्यांत उडी मारलीच. अंड्यांच्या कवचावर तो चिकटून राहूं शकतो, पण अंड्याच्या आंत जात नाहीं. ही एक मोठी सवलत निसर्गानें दिली, कारण आयोडिनयुक्त द्रावणांत अंडीं धुतलीं कीं निर्मळ पिढी मिळवितां येते. बगळ्यावरहि आळ आला होता. त्याची चौकशी झाली तेव्हां असें दिसलें कीं, बगळ्याच्या पोटांत विषाणु पचून नष्ट होतो. मात्र नुकताच गिळलेला मासा त्यानें दुसऱ्या तळ्यावर जाऊन ओकला, तर रोग पोंचूं शकतो. म्हणजे बगळा अगदींच निर्दोष सुटला नाहीं, पण लॉरीपुढें त्याचा अपराध किरकोळच ठरला.

१९६५ सालीं डेन्मार्कनें या रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीम हातीं घेतली. रोगग्रस्त शेताचें पाणी तोडावयाचें, एकूण एक मासा काढावयाचा, तळीं कोरडीं पाडून चुन्यानें व औषधांनीं शुद्ध करावयाचीं, कांहीं काळ पडीत ठेवावयाचीं, आणि मग खात्रीच्या जागेहून आणलेलें बीज सोडावयाचें. हें काम ओढ्याच्या उगमापासून सुरू करून खालीं खालीं यावें लागे. मधलेंच एक शेत शुद्ध करून उपयोग नव्हता. शेजाऱ्यानें मनावर घेतलें नाहीं तर आपलें सारें श्रम पाण्यांत, हा वाक्प्रचार येथें अक्षरशः खरा होता. तरी मोहीम नेटानें चालली, आणि शेकडों रोगट शेतांची संख्या हळुहळू खालीं आली.

या सर्व काळांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: हा गोड्या पाण्याचा रोग, पाळलेल्या ट्राउटचा रोग. नदींतील मोकळ्या माशांत विषाणु सांपडला, तर तो वरच्या शेतावरून सुटला असा निकाल ठरलेलाच. पुष्कळदां तो बरोबरहि असे. परंतु १९७९ सालीं डॅनिश किनाऱ्यावरील, अंगावर व्रण पडलेल्या कॉड माशांत एक विषाणु मिळाला, आणि १९८७ सालीं तो एग्टवेडच्या विषाणूपासून वेगळा ओळखतां येत नाहीं असें निष्पन्न झालें. कॉड हा खाऱ्या पाण्याचा मासा. ट्राउटच्या तळ्याशीं त्याचा संबंध काय? हा प्रश्न तेव्हांच मोठ्यानें विचारला जावयास हवा होता. तो विचारला गेला नाहीं.

त्यानंतर वर्षभरानें, १९८८ च्या शरदृतूंत, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत खळबळ उडाली. तेथील साल्मन मासे समुद्रांत वाढून अंडीं घालण्यासाठीं आपल्या जन्मस्थानीं परत येतात. नीआ बे येथील मकाह आणि ऑर्कस बेटावरील ग्लेनवूड स्प्रिंग्ज, या दोन मत्स्यबीज केंद्रांत अशा परतलेल्या माशांची नित्याची तपासणी चालली असतां त्यांत एग्टवेडचा विषाणु आढळला. मासे दिसावयास निरोगी होते. तोंवर या विषाणूनें युरोपाबाहेर कोठेंहि पाऊल टाकलेलें ठाऊक नव्हतें, म्हणून सर्वांचा तर्क एकच झाला: युरोपांतून कोणत्या तरी मार्गानें ही पीडा आली, आणि आतां पॅसिफिकची सारी साल्मन संपत्ति धोक्यांत आहे. अंडीं व पिलें मारून टाकण्यांत आलीं, केंद्रें धुऊन शुद्ध केलीं गेलीं. पुढील वर्षीं विषाणु शेजारच्या दुसऱ्या केंद्रांत पुन्हा हजर.

या अधिकाऱ्यांना दोष देणें सोपें आहे, परंतु न्यायाचें होणार नाहीं. त्यांच्या हातीं असलेल्या माहितीवर दुसरें कोणतेंहि पाऊल बेजबाबदारपणाचें ठरलें असतें. उत्तर प्रयोगशाळेंतून आलें तें नंतर. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेंतील विषाणूचा वंशद्रव्याचा मजकूर युरोपीय विषाणूशीं ताडून पाहिला गेला, आणि दोन्ही एकाच जातीचे असले तरी फार दिवसांपूर्वीं फुटलेल्या निरनिराळ्या शाखांचे आहेत, हें स्पष्ट झालें. वॉशिंग्टनचा विषाणु युरोपाहून आलेला नव्हता. तो तेथलाच होता. १९९० सालीं अलास्कांतील प्रिन्स विल्यम साउंडच्या कॉड माशांत आणि नंतर हेरिंगच्या थव्यांतहि तो मिळाला. साल्मनच्या अंगीं तो अधूनमधून येणारा पाहुणा. त्याचें खरें घर हेरिंग.

प्रिन्स विल्यम साउंड हें नांव जगाला ठाऊक झालें होतें तें तेलामुळें. २४ मार्च १९८९ रोजीं एक्झॉन वाल्डीझ ही तेलवाहू बोट तेथें खडकावर चढून फुटली. चार वर्षांनीं, १९९३ च्या वसंतांत, तेथील हेरिंगचें पीक एकाएकीं कोसळलें, आणि परतलेल्या माशांत व्रण, रक्ताचे ठिपके व हाच विषाणु दिसून आला. तेल, उपासमार कीं विषाणु, कोणाचा वांटा किती, हा वाद संशोधकांत दीर्घकाळ चालला. या वादांतून एक निरीक्षण मात्र फार मोलाचें हातीं आलें. त्या भागांत हेरिंगचे थवे जाळ्याच्या कुंपणांत कोंडून, त्यांत सोडलेल्या समुद्रशेवाळावर त्यांच्याकडून अंडीं घालवून घेण्याचा धंदा तेव्हां होता. अंड्यांसकट तें शेवाळ जपानांत आवडीनें खातात. कोंडलेल्या थव्याची पाहणी केली तेव्हां, आरंभीं थोड्याच माशांत असणारा विषाणु कुंपणाच्या आंत थोड्या दिवसांत वाढत गेलेला आढळला. मासा तोच, पाणी तेंच, विषाणुहि पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीचा. बदलली होती ती फक्त दाटी. मोकळा मासा आणि पाळीव मासा यांमधील भेद किती पातळ आहे, हें त्या जाळ्याच्या कुंपणाइतकें स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतें.

अमेरिकेंतील या शोधानें युरोपाला आपल्या दाराशीं असलेल्या समुद्राकडे वळून पाहावयास लावलें. १९९० नंतरच्या दशकांत उत्तर समुद्र, कॅटेगॅट व बाल्टिक येथें मासे पकडून हजारोंनीं तपासण्यांत आले; हेरिंग, स्प्रॅट, कॉड अशा कित्येक जातींत विषाणु मिळाला. १९९४ सालीं स्कॉटलंडच्या गिआ बेटावर टर्बट या समुद्री माशाच्या शेतींत साथ आली, तीहि समुद्रांतील विषाणूचीच. मग डॅनिश तळ्यांतील ट्राउट कोठून आजारी पडले, याचें उत्तर इतकीं वर्षें ज्या घमेल्याकडे कोणीं पाहिलें नव्हतें, त्याकडे बोट दाखवूं लागलें. कच्च्या हेरिंगचा खिमा! ज्यानें ट्राउट पोसला, त्याच्याबरोबरच विषाणूलाहि रोजच्या रोज तळ्यांत उतरावयास मिळालें.

येथें एक अडचण होती, आणि ती नीट सांगितली पाहिजे. समुद्रांतील बहुतेक विषाणु प्रयोगांत ट्राउटला टोंचले तर तो मरत नाहीं, किंवा फारच थोडे मरतात. तळ्यांतला विषाणु मात्र ट्राउटचा काळ. याचा अर्थ असा कीं, नुसतें खिम्यांतून येणें पुरेसें नव्हतें. कोट्यवधि वेळां आलेल्या विषाणूंपैकीं एखाद्यांत, दाटीनें भरलेल्या तळ्यांत एका ट्राउटकडून दुसऱ्याकडे जातां जातां, ट्राउटला मारण्याची शक्ति आली आणि टिकली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत विषाणूच्या वंशद्रव्यांतील फरकांवरून काळाचा हिशेब मांडण्यांत आला. त्यानुसार युरोपांतील ट्राउटचा विषाणु आपल्या समुद्री भाऊबंदांपासून फुटला तो विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास, म्हणजे ट्राउटची शेती भरास येत होती त्याच सुमारास. हा निव्वळ जुना इतिहास आहे असेंहि नव्हे. २००७ सालीं नॉर्वेच्या स्टोरफ्योर्ड येथें समुद्रांतील पिंजऱ्यांत वाढविलेल्या इंद्रधनुषी ट्राउटमध्यें साथ आली, आणि तिचा विषाणु समुद्री शाखेचा निघाला. उडी पुन्हां मारली गेली होती.

समुद्राचा विषाणु गोड्या पाण्यांतील मोकळ्या माशांत शिरला तर काय होतें, याचा अनुभव उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांनीं घेतला. २००५ च्या वसंतांत ऑंटॅरिओ सरोवराच्या क्विंटे उपसागरांत ड्रम जातीच्या मेलेल्या माशांचा खच किनाऱ्यास लागला. मागाहून असें उघड झालें कीं, सेंट क्लेअर सरोवरांत २००३ सालीं धरून गोठवून ठेवलेल्या एका मस्केलंज माशांतहि हाच विषाणु होता. २००६ सालीं ईरी सरोवर आणि सेंट लॉरेन्स नदी. २००७ सालीं महासरोवरांपासून दूर असलेलें मिशिगनमधील बड सरोवर आणि विस्कॉन्सिनमधील विनेबॅगो सरोवर. हा विषाणु कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील शाखेशीं मिळताजुळता आहे. तो आंत कसा आला याविषयीं मतें भिन्न आहेत. तोल राखण्यासाठीं जहाजें जें पाणी पोटांत भरून आणतात, त्याच्यावर पुष्कळांचा रोख आहे. पुढचा प्रवास समजण्यास इतकी बुद्धि लागत नाहीं. गळ टाकणारा हौशी मनुष्य आमिषासाठीं जिवंत छोटे मासे बादलींतून नेतो, आणि सायंकाळीं उरलेले मासे पाण्यासकट दुसऱ्याच सरोवरांत ओतून मोकळा होतो.

येथें नाट्याचीं पात्रें पालटलीं. जटलंडांत शेतावरचा रोग नदींत उतरण्याची भीति होती. येथें मोकळ्या पाण्यांतील रोग शेतावर चढण्याची. अमेरिकेच्या केंद्र सरकारनें ऑक्टोबर २००६ मध्यें महासरोवरांकांठच्या आठ राज्यांतून, रोग होऊं शकणाऱ्या जातींचे जिवंत मासे बाहेर नेण्यावर बंदी घातली, आणि तिचा भार पडला तो ज्यांच्या तळ्यांत रोगाचा मागमूसहि नव्हता अशा मत्स्यशेतकऱ्यांवर. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण बंदीखेरीज दुसरा उपाय तरी कोणता होता? सरोवर कोरडें पाडतां येत नाहीं, त्यांत चुना घालतां येत नाहीं. पहिल्या तडाख्यानंतर तेथील मोठ्या मरी कमी झाल्या; वांचलेल्या माशांच्या अंगीं प्रतिकार आला. परंतु प्रतिकार आलेला मासा आणि विषाणु बाळगणारा मासा पुष्कळदां एकच असतो, आणि दर वसंतांत जन्मणारीं पिलें या रोगाला नवखींच असतात.

डेन्मार्कची मोहीम मात्र तडीस गेली. कच्च्या खिम्याची जागा उष्णतेनें शिजवून वाळविलेल्या खाद्याच्या गोळ्यांनीं घेतली, आणि समुद्रांतून तळ्याकडे येणारी जुनी वाट बुजली. रोगाचा शेवटचा उद्रेक २००९ सालीं झाला, आणि २०१३ सालीं, मोहीम सुरू झाल्यावर ४८ वर्षांनीं, तो देश या रोगापासून मुक्त असल्याचें जाहीर झालें. ही मुक्तता तळ्यांची आणि ओढ्यांची आहे. कॅटेगॅटचें हेरिंग त्या जाहीरनाम्यांत येत नाहीं; तें आपला विषाणु घेऊन पूर्वींप्रमाणेंच थव्यानें किनाऱ्याजवळून ये-जा करीत असतें.